बजाबाई आत्या आणि एका खोलीची बोट

परदेशी जायचं रद्द झालं, हे बायकोला जेवणाआधी सांगायचं की जेवण झाल्यावर, एवढाच दिग्विजयपुढं प्रश्न होता. त्यानं जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं. (भरल्या पोटी माणूस उदार होतो असं त्याचं मत. माणूस म्हणजे तो स्वतः. अंकिताचा त्यात विचार केलेला नव्हता.)

सोलापुरातल्या एका बँकेत तो गृहकर्ज विभागात होता. व्याजदर वाढले, की कर्जदारांना फोन लावून विचारायचं, हप्ता वाढवू की वर्षं वाढवू. समोरचा चिडला, की गोड आवाजात सांगायचं, साहेब, थोडं फिरणं-बिरणं पुढं ढकला. त्या दिवशीच्या यादीत बाविसाव्या नंबरावर त्याचं स्वतःचंच नाव निघालं. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचा हप्ता वाढला होता. दिग्विजय तत्त्वाचा माणूस. जो सल्ला लोकांना दिला, तोच स्वतःला दिला आणि व्हिएतनाम रद्द केलं.

अंकितानं शांतपणे ऐकून घेतलं. ती दिवसभर एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी घरी आली, की दारात चपलांचा ढीग असायचा. दिग्विजयच्या गावचा, म्हणजे करकंबचा जो कोणी दवाखान्याला, कोर्टाला नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला सोलापुरात यायचा, तो मुक्कामाला त्यांच्याकडंच. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आपला स्वयंपाक किती माणसांचा, हे तिला सकाळी कधी सांगता आलं नव्हतं.

"व्हिएतनामच पाहिजे असं काही नाही," ती म्हणाली. "मला आठ दिवस असं गाव पाहिजे, जिथं करकंबचं कुणीही नसेल."

"केरळ," दिग्विजय म्हणाला आणि आधी आपला देश का बघावा, यावर पाव तास बोलला. बोलणं इतकं चांगलं झालं, की त्याचं त्यालाच पटलं. सोलापूरवरून थेट जाणारी गाडी मिळाली, हॉटेलं मिळाली, एका रात्रीसाठी पाण्यावरची राहायची बोटसुद्धा मिळाली. सगळं नीट झालं होतं. मग त्यानं वडिलांना फोन केला.

"त्रिशूरला आपली बजाबाई हाय की," रामहरी म्हणाले. "ती असताना हॉटेलात उतरलास, तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

बजाबाई ही रामहरींची चुलत बहीण. तिचे यजमान शिवूमामा गलाईच्या धंद्यात. सराफांकडचं जुनं सोनं आणायचं, वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. आपल्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर पसरली आहेत, हे दिग्विजयला ठाऊक होतं. पण नकाशात समुद्र बघणाऱ्याला आत्या दिसत नाहीत. हॉटेलं रद्द झाली. (वाचलेल्या पैशात वाढलेला हप्ता बसतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ते तो कुणाला बोलला नाही.) रामहरींनी बहिणीसाठी दहा किलो ज्वारीचं पीठ पाठवलं. अंकितानं ते काही न बोलता बॅगेत भरलं. तिचं काही न बोलणं दिग्विजयला खरं तर कळायला हवं होतं.

त्रिशूरला खाली दुकान आणि वर घर. दुकानात सात कारागीर, सातही आपल्याच भागातले, आणि गावाकडच्या पिठाची भाकरी त्यांनी दिवाळीनंतर बघितली नव्हती. बजाबाईचे गुडघे दुखत होते. तिनं सहज विचारलं, "अंकिता, तुला भाकरी येती का गं?" अंकिता खोटं बोलत नसे.

तीन दिवस गेले. दिग्विजयनं दुकान पाहिलं, देऊळ पाहिलं, एक हत्तीही पाहिला. अंकितानं तवा पाहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी हाताचं पीठ झटकत ती म्हणाली, "आठातले तीन गेले. उद्या बोटीवर आपण दोघंच. तिथंही कुणी नातेवाईक निघाला, तर मी सोलापूरला एकटी परत जाईन. चालत."

हे ती चेष्टेत म्हणाली नव्हती. दिग्विजयला ते कळलंही होतं. तरीही संध्याकाळच्या जेवणाला त्यानं जे केलं, ते करकंबचा कुठलाही माणूस करतो. आपण कुठं निघालो, की घरातल्याला म्हणायचं, चला की तुम्हीपण. त्यानं म्हणायचं, नको रे बाबा. आपण आणखी दोनदा आग्रह करायचा, त्यानं आणखी दोनदा नको म्हणायचं. मग दोघंही समाधानानं हात धुवायला उठायचं.

"आत्या, चला की तुम्हीपण बोटीवर," दिग्विजय म्हणाला. "बावीस वर्षं हितं राहताय, बघायला पाहिजे की."

बजाबाईनं आमटीची वाटी खाली ठेवली. "व्हय," ती म्हणाली, "येते की."

अंकितानं नवऱ्याकडं पाहिलं. कर्जदार फोनवर असतात, समोर नसतात, हे केवढं भाग्य आहे, ते दिग्विजयला त्या क्षणी समजलं.

बोटीवर खोली एकच, तीत माणसं दोनच चालणार. त्यानं बोटवाल्याला फोन लावला. मोठी बोट सुट्टीच्या दिवसांत शिल्लक नव्हती. शेवटी दिग्विजय मोठ्या मनानं म्हणाला, "मग मी राहतो इथं. तुम्ही दोघी जा." आता आपल्याला तीनदा नको म्हणतील, म्हणून तो थांबला. एकदाही कुणी म्हणालं नाही.

सकाळी दोघी गेल्या. अंकिता बोटीत बसून आत्याचे गुडघे चेपत असणार, या विचारानं दिग्विजयला अपराध्यासारखं वाटत होतं. दहा वाजता शिवूमामा वर आले. "भाचं," ते म्हणाले, "पीठ हाय, तवा हाय, माणसं सात हायती."

पहिली भाकरी फाटली. दुसरी तव्याला धरून बसली. तिसरी कशीबशी ताटात गेली. गुरुशांत नावाचा जुना कारागीर सोनं पारखतो तशी ती उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिला. "ही परत वितळवाय लागंल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघी परत यायच्या होत्या. त्यांच्याऐवजी फोटो आला. बजाबाई बोटीच्या कठड्यावर पाय टाकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांवर अंकिताचा काळा चष्मा होता. मागं आरामखुर्चीत अंकिता गाढ झोपलेली. मग फोन आला.

अंकिता हसत होती. आत्यानं बोटीत पाय ठेवतानाच सांगितलं होतं, की इथं मी कुणाची आत्या नाही आणि तू कुणाची सून नाहीस. कालपासून दोघींनी एकमेकींना चहासुद्धा विचारला नव्हता. चहा बोटीवरचा आचारी करत होता. आत्यानं स्वतःच्या पैशांनी आणखी दोन रात्री वाढवून घेतल्या होत्या. अंकिताचं ते हसणं दिग्विजयनं लग्नानंतर इतकं मोकळं ऐकलं नव्हतं. हात पिठात असल्यामुळं फोन खांद्यानं कानाशी धरून तो ऐकतच राहिला, आणि त्याला मनापासून बरं वाटलं. काही झालं तरी सुट्टी आपणच काढून दिली.

"बरं, ऐका," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी व्हिएतनामला जायचं ठरलंय."

"आणि हप्ता?"

"वर्षं वाढवून घ्या की. बँकेत तुम्हीच आहात."

दिग्विजयनं क्षणभर विचार केला. तिच्या या हसण्यासाठी दोन वर्षं जास्त कर्ज फेडायला काय हरकत होती? तत्त्वं नंतरही पाळता येतात. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी आत्ताच रजा टाकून ठेवतो."

"टाकाच," अंकिता म्हणाली. "आम्ही दोघी तिकडं गेल्यावर त्या सात माणसांना भाकरी कोण करणार?"