सातव्या रकान्यातील तारीख

खात्याच्या जुन्या ट्रकचा वॉटर पंप केव्हा बदलावा, याबाबत कोणतीही संदिग्धता नव्हती. नियम चौदा स्पष्ट होता : पंप निकामी होण्यापूर्वी बदलावा, मात्र निकामी होण्याच्या तीस दिवसांहून अधिक आधी बदलू नये. फार आधी बदलला तर चालता पंप वाया जातो, नंतर बदलला तर इंजिन. नियम करणाऱ्याने दोन्हीकडून विचार केला होता. फक्त पंपाकडून करायचा राहिला होता.

ट्रक साडेसात लाख किलोमीटर चाललेला. खात्यात त्याला ‘आजोबा’ म्हणत. तो चालवायचे ड्रायव्हरमामा. मामांच्या एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांची गाडी एकदाही टोचन होऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या दोराला बांधून, फाटकात आली नव्हती. फाटकावरच्या टोचनवहीत सगळ्या ड्रायव्हरांची नावं होती, मामांचं नव्हतं. दर महिन्याला ते वही चाळायचे आणि आपलं नसलेलं नाव डोळे भरून बघून यायचे. निवृत्तीला बावीस दिवस उरले होते.

आणि आजोबांच्या पंपातून पाणी ठिबकायला लागलं. मिनिटाला तीन थेंब.

मिस्त्रींनी पंपाची पुली हाताने हलवून पाहिली. ती हलली. हलायला नको होती.

“मामा, ह्याचं काही खरं नाही.”

“माझे बावीस दिवस काढेल का?”

“मला काय विचारता? त्याला विचारा. तुमचं जास्त ऐकतो तो.”

भांडारात नऊ नवे पंप होते. भांडारपाल भाऊसाहेब त्यांची खोकी रोज पुसत असत. वापरलेल्या वस्तूंविषयी त्यांना एकूणच फारशी आस्था नव्हती. मिस्त्रींनी अर्ज भरला. सातवा रकाना होता, ‘पंप निकामी होण्याचा दिनांक’. मिस्त्रींनी लिहिलं, ‘लवकरच’.

अर्ज शेऱ्यासह परत आला : “‘लवकरच’ हा दिनांक कॅलेंडरमध्ये आढळून आला नाही.”

मिस्त्रींनी ‘कधीही’ लिहिलं. शेरा आला : “‘कधीही’मध्ये आजचा दिवस अंतर्भूत आहे. पंप आज चालू आहे. सबब माहिती चुकीची.”

तोवर थेंब मिनिटाला सात झाले होते. मामा स्वतः भांडारात गेले.

“भाऊसाहेब, पंप काय पत्रिका छापून बंद पडतो होय?”

“मामा, तारीखच नसेल तर तीस दिवस मी कुठून मोजू? तुम्ही अनुभवी माणूस. एक तारीख टाका, पंप घेऊन जा. मी काय तुमचा वैरी आहे?”

मामांनी विचार केला आणि आपल्या सेवेचा शेवटचा दिवस टाकला : महिन्याची तीस तारीख. तेवढी एकच तारीख त्यांना पाठ होती.

अर्ज मंजूर झाला. पंप मात्र मिळाला नाही. दरम्यान भाऊसाहेबांच्या लक्षात एक गंभीर बाब आली होती.

“आज पंप बदलला, तर जुना पंप तीस तारखेला निकामी होणार कसा? तो तर गाडीतच नसेल. मग सातव्या रकान्यातली माहिती खोटी ठरते. खाली तुमची सही आहे मामा. खोट्या माहितीवर चौकशी लागते, आणि चौकशीत निवृत्तीचे कागद अडकतात. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

“म्हणजे बंद पडल्यावर बदलायचा?”

“बंद पडल्याची खात्री झाल्यावर. शब्द जरा जपून वापरा.”

उरलेले सगळे दिवस मामांनी आजोबांना तापातल्या माणसासारखं जपलं. दर तासाला थांबून पाणी, चढणीला जीव मुठीत. तीस तारखेला शेवटची खेप निघाली. शेजारच्या सीटवर भाऊसाहेब स्वतः, बिघाडाचे साक्षीदार म्हणून. थेंब मिनिटाला एकोणीस. तरी आजोबा चालत राहिले. दुपार झाली, माल उतरला, परतीला लागले. मामांचा चेहरा खुलत गेला, भाऊसाहेबांचा उतरत गेला. पाच वाजता, फाटक चार किलोमीटरवर असताना, त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं.

“मामा, सहाला कचेरी बंद होते. पंप अजून निकामी झालेला नाही.”

“देवाची कृपा!”

“देवाने अर्जावर सही केलेली नाही, तुम्ही केलीय. उद्या चौकशी लागेल. त्यापेक्षा गाडी टोचन करून नेऊ. माहिती खरी होईल, कागद सुटतील.”

टोचनवहीतली एकतीस वर्षं कोरी राहिलेली ती एक ओळ मामांच्या डोळ्यांपुढून गेली. घरी बायकोने निवृत्तीनंतरची सगळी गणितं त्या कागदांवर मांडली होती.

“बोलवा,” ते म्हणाले.

मिस्त्री टोचनगाडी घेऊन आले. ठणठणीत चालणाऱ्या ट्रकला दोर बांधताना त्यांनी मामांकडे पाहिलं नाही. वेळ वाचावा म्हणून भाऊसाहेबांनी सोबत आणलेलं टोचनवहीचं पान तिथेच पेनने भरलं : ‘टोचन झालेले वाहन : आजोबा. ड्रायव्हर : मामा. कारण : पंप निकामी.’

किलोमीटरभर गेल्यावर टोचनगाडीच्या बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

“काय झालं?” भाऊसाहेब ओरडले.

“पंप गेला,” मिस्त्री म्हणाले. “वर्षभर अर्ज करतोय. ‘लवकरच’ लिहीत होतो.”

मामा खाली उतरले. दोर उलटा बांधला, आजोबांना किल्ली मारली आणि टोचनगाडीला ओढत सहाला पाच मिनिटं कमी असताना फाटकात आणलं. सगळ्या खात्याने टाळ्या वाजवल्या. मग भाऊसाहेबांनी भरलेलं पान वहीत चिकटवलं. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.

कागद सुटले. आजोबांना नवा पंप बसला. टोचनगाडी नोंदीनुसार सुस्थितीत असल्याने दुसऱ्या दिवशी तिची ड्युटी लावण्यात आली. ती ओढून न्यायला दुसरी टोचनगाडी नसल्याने ती अजून फाटकातच उभी आहे, आणि नोंदीनुसार रोज धावते.

निकामी ठरलेला जुना पंप मिस्त्रींनी मामांना निरोपाची भेट म्हणून दिला. मामांनी तो कपाटावर ठेवला. निवृत्तीच्या पहिल्या दिवशी बायको म्हणाली, “स्वयंपाकघरातला नळ गेलं वर्षभर ठिबकतोय. आता तुम्ही मोकळे आहात.”

“बघू,” मामा म्हणाले, “अजून चालतोय ना?”

खात्याला आपण हसलात, ते योग्यच झालं. तुमच्याही घरात काहीतरी ठिबकतंय, करकरतंय किंवा जिना चढताना धापा टाकतंय, याची आम्हाला कल्पना आहे. ते नक्की बंद पडेपर्यंत थांबण्याचा तुमचा निर्णय नियमाला धरूनच आहे. सातव्या रकान्यात तेवढी तारीख लिहा.