सहावा फर्मा

जळगावात पुस्तक बांधायचं तर नासीरभाईंकडेच, हे कुणाला सांगावं लागत नाही. ते स्वतःच सांगतात. "तीस वर्षांत आपल्या हातून एक पान इकडचं तिकडं झालेलं नाही! भुसावळपासून भडगावपर्यंत विचारा कुणालाही!" आता एवढ्यासाठी भडगावला जाऊन कोण विचारत बसणार? म्हणून इतकी वर्षं निभावलं.

यंदा गावातल्या मुलींच्या एका शाळेने लायब्ररीतली पाचशे फाटकी पुस्तकं बांधायला काढली. मुख्याध्यापक प्रेमराज सरांनी आधी नमुन्याला चाळीसच दिली. "ही नीट झाली तर बाकीची तुमची. एक जरी खोट निघाली तर धुळ्याला पाठवीन," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. धुळ्याला! त्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं नासीरभाईंना परवडलं असतं.

नासीरभाईंना एकच खोड होती. बांधता बांधता ते वाचायचे. आजवर दुकानात यायची ती कायद्याची पुस्तकं आणि पतपेढ्यांचे अहवाल, त्यामुळे खोडीला फारसा वाव नव्हता. पण या चाळिसांत निघालं 'तिसरा चंद्र : भाग दोन'. त्यातली रेवा नावाची सोळा वर्षांची पोर एकटीच यान घेऊन निघालेली, आणि यानातली हवा संपत आलेली! शेजारीच 'क्लासची वाट'. त्यात पुनीत नावाचा मुलगा क्लासमधल्या एका मुलीशी आज बोलतो, उद्या बोलतो म्हणत होता, आणि बोलत काही नव्हता. नासीरभाईंचा जीव दोन्हीकडे टांगलेला.

पुस्तक नव्याने बांधायचं तर आधी जुनी शिवण उसवून फर्मे सुटे करावे लागतात. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. तर एका दुपारी काय झालं, पाचवा फर्मा संपता संपता, पान ऐंशीवर, यानातली हवा संपली. आणि पान ऐंशीवरच पुनीतने खिशातून चिठ्ठी काढली! नासीरभाईंनी दोन्ही ढिगांतून सहावा फर्मा ओढला, हा वाचला, तो वाचला, डोळे पुसले आणि दोन्ही जागच्या जागी ठेवून दिले. म्हणजे, त्यांना तसं वाटलं.

गुरुवारी पुस्तकं शाळेत पोचली. शुक्रवारी सकाळी चहा घेताना ते बायकोला, मेहरुनला, रेवाची गोष्ट रंगवून सांगत होते. पुस्तकांची शिवण मेहरुनकडे असायची.

"मग हवा संपल्यावर काय झालं?" मेहरुनने विचारलं.

"काय होणार? मी सहावा फर्मा डाव्या ढिगातून काढला, वाचला, उजव्या..." नासीरभाईंचा कप हवेतच थांबला. "या अल्ला! उजवीकडे तर पुनीत होता!"

"मी नंबर बघून शिवलं हं. ऐंशीनंतर एक्क्याऐंशी. दोन्हीकडे बरोबर होतं. माझ्यावर ढकलू नका."

पुस्तकं एकाच मापाची, कागद एकसारखा, पानांचे नंबर तेच. रेवाची सोळा पानं पुनीतच्या पोटात आणि पुनीतची रेवाच्या! आणि शुक्रवार म्हणजे शाळेत वाचनाचा तास!

नासीरभाईंनी स्कूटर अशी पळवली की वाटेत दोन ओळखीच्यांनी कोण आजारी आहे म्हणून विचारलं. डोक्यात एकच घोळत होतं. सरांना कळायच्या आत ती दोन पुस्तकं हातात आली पाहिजेत. लायब्ररीत हेमांगी मॅडम नोंदी करत बसल्या होत्या.

"मॅडम, 'तिसरा चंद्र' आणि 'क्लासची वाट', तेवढी दोन पुस्तकं परत द्या. संध्याकाळपर्यंत आणून देतो."

"ती तर मुलींनी नेली. का? काय झालं?"

खरं सांगावं तर धुळे! नासीरभाईंच्या तोंडून भलतंच निघालं. "चिकटवायच्या खळीत मोरचूद जरा जास्त पडलंय. वाळवी लागू नये म्हणून घालतो आम्ही."

"मोरचूद? म्हणजे विष?"

"तसं... थोडंसं."

"थोडंसं विष!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "आणि खळ तुम्ही एकाच पातेल्यात शिजवता ना? मग चाळीसच्या चाळीस पुस्तकांत तेच की!"

पातेल्याचा विचार नासीरभाईंनी केला नव्हता.

"अहो, मुली थुंकी लावून पानं उलटतात!" मॅडम ओरडल्या आणि धावल्या. पाच मिनिटांत शाळेची घंटा वाजली. ती काही थांबेचना. शिपाई भटूनाना घाम पुसत आले. "नासीरभाऊ, बठ्ठ्या पोरी नळवर शेतस! जहर शे का मंग खरंच? आते काय करानं?"

मैदानात नळापाशी सगळ्या मुलींची रांग लागली होती. हात धुवायचे, चूळ भरायची, मग जीभ बाहेर काढून प्रेमराज सरांना दाखवायची. बाहेर फाटकाशी दोन पालक येऊन थडकले होते. नासीरभाई भिंतीच्या आडोशाला सरकले. आता चारशे साठ पुस्तकं गेली, ते राहू द्या, आता पोलीस येणार!

तेवढ्यात सर किंचाळले. "निळी! हिची जीभ निळी आहे!"

मोरचूदही निळंच असतं. नववीतली चेलना जीभ बाहेर काढून उभी होती आणि काहीतरी सांगायला बघत होती, पण चार शिक्षिका एका सुरात ओरडत होत्या, "बोलू नकोस! गिळू नकोस!" कुणी रिक्षा बोलवायला पळालं. चेलना हातवारे करकरून फाटकाबाहेरच्या बर्फगोळ्याच्या गाडीवरच्या निळ्या बाटलीकडे दाखवत होती. पण तिकडे बघतो कोण? सगळ्यांना वाटलं, पोरीला झटके यायला लागले!

आता मात्र नासीरभाईंना राहवलं नाही. त्यांच्या घरातही पोरीबाळी होत्या. ते थेट मैदानाच्या मध्यात गेले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "विषबिष काही नाही, सर! मी खोटं बोललो! सोळा पानं चुकलीत! वाचता वाचता माझ्याकडून चुकलीत!"

नऊशे मुलींनी एकदम वळून पाहिलं. तीस वर्षांचं नाव मैदानात पडलं, आणि ते नासीरभाईंनी स्वतःच पाडलं होतं.

सगळी हकीकत ऐकून सरांनी दोन पुस्तकं मागवली. 'क्लासची वाट' चेलनाकडेच निघालं. आता तिला बोलायची परवानगी मिळाली.

"पण सर, पुस्तक बरोबर आहे की! पुनीत चिठ्ठी काढतो आणि पान उलटलं तर कुणी बोलतच नाही, सगळे दुसऱ्याच ग्रहावर. मुलं करतातच असं. ऐन वेळी गायब."

'तिसरा चंद्र' खुशनुमाकडे होतं. ती पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "माझंपण बदलू नका, सर. रेवाची हवा संपते, मला रडू यायला लागलं होतं. आणि पुढच्या पानावर एकदम क्लास! खिडक्या उघड्या, पंखा फुल! इतकं बरं वाटलं!"

हेमांगी मॅडम तोंडाला पदर लावून वळल्या. सरांनी दोन्ही पुस्तकं हातात घेतली, शिवण जोर लावून ओढली. एक दोरा हलला नाही. नासीरभाई मान खाली घालून उभे होते.

"शिवण पक्की आहे," सर म्हणाले. "काम काढून घेत नाही. पण गोष्टींची पुस्तकं धुळ्याला जातील. तुमच्याकडे गणित, भूमिती आणि शाळेचे वार्षिक अहवाल."

नासीरभाईंनी छातीवर हात ठेवला. वाचलो! मग जरा घुटमळून त्यांनी हळूच विचारलं, "सर, ते 'तिसरा चंद्र'चा भाग तीन..."

"धुळ्याला!"

तेव्हापासून दुकानात भूमिती बांधली जाते आहे. एक फर्मा चुकलेला नाही. पान ऐंशीवर त्रिकोण कितीही संकटात सापडलेला असो, एक्क्याऐंशीवर त्याचं काय झालं हे बघायला नासीरभाईंचा हात काही पुढे होत नाही!