शांताक्काच्या भिंतीलगतचा खड्डा

खड्डा मीच खणतो, असं मी म्हणालो. बाकी माझा काही गुन्हा नाही. माणसानं आयुष्यात ज्या गोष्टी म्हणू नयेत त्यातली ही एक, पण त्या दिवशी घरात मला अडवायला कुणी नव्हतं, आणि अडवणारं कुणी नसलं की माझ्या अंगात फार हुशारी संचारते.

भूमला वीज आली त्या वर्षीची ही गोष्ट. पेठेत खांब उभे राहिले, खांबांवर तारा चढल्या, आणि वीज सोडल्यावर पहिल्यांदा तारेवर चिमण्या बसल्या तेव्हा त्या बघायला निम्मं गाव जमलं. (चिमण्यांना काही झालं नाही, याचं कित्येकांना वाईट वाटलेलं मी स्वतः पाहिलंय.) मग ज्यांना घरात वीज घ्यायची त्यांच्यासाठी छापील अर्ज आले. अर्जाच्या मागं बारीक टाइपात एकवीस नियम. अर्ज कमी पडले, म्हणून साहेबांनी कचेरीतल्या एका कारकुनाला त्यांच्या चाळीस नकला करायला बसवलं. तो कारकून मी. एखादी गोष्ट चाळीस वेळा लिहिली म्हणजे ती समजते असं नाही, पण पाठ होते. ओल्या हातानं स्विचला शिवू नये. तारेवर धुणं वाळत घालू नये. मीटरचं सील तोडू नये. आपली वीज शेजाऱ्याला देऊ नये. हॉटेलात चहा येईपर्यंत मी हे सगळं म्हणून दाखवत असे. लोक शंका विचारायला येऊ लागले. एका आजींनी विचारलं, वीज उपासाला चालते का. मी नियम आठवून पाहिले आणि चालते म्हणून सांगितलं.

पण मी वीज घ्यायला निघालो तो मिरवायला नाही. त्याआधी दोन वर्षं, तिन्हीसांजेला चुलीमागच्या गोवऱ्या काढताना आमच्या सौ.ला, म्हणजे अयोध्येला, विंचू चावला. पहाटेपर्यंत हात धरून बसली होती, पण ओरडली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "एका हातात कंदील धरल्यावर दुसऱ्या एका हातानं काय काय करावं माणसानं?" लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यात तिनं माझ्याकडं काही मागितलं असं ते पहिलंच, आणि तेही मागितल्यासारखं नव्हतं. म्हणून मी दोन दिव्यांचा अर्ज भरला. एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत. (बाहेरचा माझ्यासाठी. माणूस कितीही चांगला असला तरी एक दिवा स्वतःला ठेवतोच.)

अडचण होती नवव्या नियमाची. तार शेजाऱ्याच्या घरावरून यायची असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती हवी. खांब होता शांताक्काच्या बाजूला, आणि तार येणार होती थेट तिच्या माळवदावरून. शांताक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, मला धाकटा भाऊ मानणारी बाई. आमच्या घरचं दूध तिच्या म्हशीचं. तिनं कागदावर अंगठा उठवला, पण उठवताना बजावलं, "महारुद्रा, तुझ्यासाठी हुतंय बग. पर माझ्या म्हशीला काय झालं, तर ही तार म्या माझ्या हातानं उपटीन."

मी म्हटलं, "अक्का, विजेचा आणि म्हशीचा काय संबंध?"

"ते तू मला नगं सांगू. तू तुझ्या विजेला सांग."

वायरमन आयुबभाईंनी घरात वायरिंग केलं, बोर्ड ठोकला, आणि राहिलं फक्त अर्थिंग. म्हणजे असं, की घराच्या बाहेर खोल खड्डा खणायचा, त्यात तांब्याची प्लेट उभी करायची, तिला तार जोडायची, भोवती एक थर मिठाचा, एक थर कोळशाचा असं भरत यायचं आणि वर पाणी ओतायचं. वाट चुकलेली वीज माणसाच्या अंगात न शिरता तिथं जमिनीत जाते. प्लेट बार्शीहून यायची होती. एवढ्यात नोटीस आली: तपासणी उद्या सकाळी अकरा वाजता, त्यात राहतील त्यांची पुढली तपासणी दिवाळीनंतर.

त्या दिवशी होती अमावास्या. आमच्याकडं अमावास्येला कुणी औत धरत नाही, तर टिकाव कोण धरणार? दोघा गड्यांनी नाही म्हटलं. आयुबभाई प्लेट आणायला बार्शीला गेलेले. अयोध्या बायकांबरोबर सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलेली. आणि मी मोकळ्या घराला उद्देशून ते वाक्य म्हणालो.

जागाही एकच होती, शांताक्काच्या गोठ्याच्या भिंतीलगत. भर दुपारी उघड्या अंगानं, डोक्याला पंचा बांधून मी खणायला लागलो. कंबरेएवढा खड्डा झाला, आणि मला वाटलं, आयुबभाई वेळेवर नाही आले तर? प्लेट म्हणजे शेवटी काय, तांब्याचा पत्रा. मी घरात गेलो. मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर तांब्याची एक परात होती. अयोध्या ती कधी वापरत नसे, रोज नुसती पुसून ठेवत असे. न वापरायची वस्तू उपयोगी लागते आहे म्हटल्यावर तिला आनंदच होईल, असा मी विचार केला. (तेवीस वर्षं संसार केलेला माणूस असा विचार करू शकतो.) परात खड्ड्यात उभी केली, तार गुंडाळली, आणि थर चुकू नयेत म्हणून नियम पुटपुटत मूठमूठ टाकत गेलो. मीठ, कोळसा. मीठ, कोळसा. वर पाण्याची घागर ओतून हात जोडले, कारण काम पार पडलं होतं.

मान वर केली तर माळवदावर शांताक्का. मिरच्या वाळत घालायला आलेली. मी हसलो. ती हसली नाही. मिरच्या तशाच टाकून खाली गेली.

त्या संध्याकाळी तिच्या म्हशीनं पान्हा घातला नाही. (दुपारभर कानाशी धडाधड टिकाव वाजल्यावर मीही घातला नसता.) सकाळी आमच्या दारात दुधाचा तांब्या आला नाही. तांब्याऐवजी फावडं घेऊन शांताक्काचा नवरा बंडप्पा आला, त्याच्यामागं स्वतः शांताक्का, आणि तिच्यामागं गल्ली.

"संमती म्या माघारी घेतली," शांताक्का म्हणाली. "त्यो कागूद आन हिकडं."

"अक्का, झालं काय?"

"झालं काय इचारतोय. आवसंला, भर बाराला, माझ्या म्हशीच्या डोसक्याशी मीठकोळसा पुरतोय आन् व्हटातल्या व्हटात मंतर म्हणतोय. म्या डोळ्यांनी बघितलं."

"ते मंत्र नव्हते, नियम होते."

"नियम आसं हात जोडून म्हणत्यात व्हय?"

साडेदहा वाजत आले होते. मी अर्थिंग समजावून सांगू लागलो. वाट चुकलेली वीज गुपचूप जमिनीत सोडायची, तर ती जाते तुमच्या भिंतीखालून, असं मी म्हणालो, आणि गल्ली दोन पावलं मागं सरली. तेवढ्यात बंडप्पानं खड्डा उकरला. मीठ निघालं, कोळसा निघाला, मग खण्णदिशी वाजलं आणि परात वर आली. त्यानं ती धोतरानं पुसली, पालथी केली, आणि बघतच राहिला. बंडप्पाला वाचता येत होतं. येत नसतं तर बरं झालं असतं.

"हिच्यावर शांताचं नाव हाय," तो म्हणाला.

आमच्याकडं आहेराचं भांडं द्यायचं तर देणाऱ्याचं नाव कोरून देतात. आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला ही परात आली होती. पाठीवर ठळक कोरलेलं: सौ. शांताबाई बंडप्पा यांजकडून सप्रेम. म्हणजे मी काय केलं होतं, तर अमावास्येच्या दुपारी, मीठ-कोळशात, शांताक्काचं नाव तिच्याच भिंतीखाली उभं पुरलं होतं.

शांताक्कानं परात हातात घेतली. मला वाटलं आता शिव्या देईल, पण तिचा आवाजच बसला. "म्या तुला भाऊ म्हणलं रं," एवढंच बोलली. विजेचं सोडा, पण त्या वाक्यावर मला खड्ड्यात उतरावंसं वाटलं. खड्डा तयारच होता.

रात्रीच सोनारीहून परतलेली अयोध्या इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती पुढं आली. आधी परातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या बघण्याचा हिशेब पुढं वेगळा झाला, तो इथं सांगत नाही.

"अक्का," ती म्हणाली, "तुमचं म्हणणं, ह्यांनी करणी केली?"

"मग ह्ये काय हाय?"

"ह्यांनी?" बाजारात विटका कपडा न्याहाळावा तसं तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "अक्का, करणीला येळ साधावी लागती, मंतर न चुकता म्हणावा लागतो. गेल्या दिवाळीला ह्यांना आकाशकंदील टांगायला सांगितला. हे शिडीवर चढले, अन् कंदील खालीच. तो आणायला उतरले, तर शिडी घेऊन आत आले. ह्यांच्या हातनं करणी व्हईल?"

शांताक्का विचारात पडली. समोरच्या हमिदाबी पुढं झाल्या. "हां, वो बात सही है. भाईसाबांनी आमच्या दाराला कडी बसवून दिली. दोन दिवस आमी घरातच होतो."

"माझा बैल धरायला दिला हुता ह्याच्याकडं," बंडप्पा म्हणाला. "बैल पार वाशी गावाच्या रस्त्याला घावला. दावं ह्याच्या हातातच हुतं."

"बंडप्पा, तो बैल मुळातच—"

"तू गप रं," शांताक्का म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "मागल्या साली म्या ह्याच्याकडनं भणीला पत्र लिवून घेतलं. टपालवाल्यानं आठ दिसांनी त्ये मलाच आणून दिलं. म्या म्हणलं, भणीचं आलं. ऐकत बसले तर सगळी माझीच हालहवाल." ती हसायला लागली. डोळे पुसत हसायला लागली. "न्हाय ग अयोध्ये. ह्याला न्हाय जमायची करणी. कुणाचं वाकडं कराया गेला तर सरळच करून ठिवंल."

मी निर्दोष सुटत होतो आणि माझी मान खाली खाली जात होती. गल्लीत एकेकाला काहीतरी आठवत होतं, आणि प्रत्येक आठवण माझ्या बाजूची साक्ष होती.

"ग्राहक कोण?" असा आवाज आला. दारात फाईल घेऊन इन्स्पेक्टरसाहेब उभे. ते आत्ता आले होते असंही नाही, बैलापासून ऐकत होते. त्यांच्यामागं आयुबभाई, पाठीवर पोतं, पोत्यात बार्शीची प्लेट. सगळ्या गल्लीनं माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

"बाई, तार न्यायला तुमची संमती आहे ना?"

"हाय की," शांताक्का म्हणाली. "पर खड्डा ह्यानं बुजवायचा न्हाय."

मग बंडप्पा आणि आयुबभाईंनी प्लेट बसवली. मीठ शांताक्कानं स्वतःच्या घरचं आणलं. परात घासून अयोध्येच्या हातात दिली, आणि बुजवलेल्या खड्ड्यावर तीन घागरी पाणी ओतलं. साहेबांनी अर्थिंग तपासायची पेटी जोडून तिचा दांडा फिरवला, काटा बघितला आणि म्हणाले, उत्तम. मी म्हणालो, खड्डा मूळ माझाच आहे. कुणी ऐकलं नाही. मुख्य स्विच घरातल्या जाणत्या माणसाच्या हाताला यावा, असा नियम आहे. साहेबांनी बोर्ड बघितला, मला बघितलं, अयोध्येला बघितलं, आणि आयुबभाईंना म्हणाले, "दोन विती खाली घ्या."

दुपारी म्हशीनं पान्हा घातला. संध्याकाळी दुधाचा तांब्या आला, आणि दिवेलागणीला स्वयंपाकघरात दिवा लागला. शांताक्का, हमिदाबी, सगळ्या बघून गेल्या. मग आम्ही दोघंच उरलो. अयोध्या चुलीमागच्या कोपऱ्याकडं बराच वेळ बघत उभी होती. कोपऱ्यात काही नव्हतं, गोवऱ्याच होत्या. ती वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी गोवऱ्या उचलल्या.

मला कौतुक करून घ्यायची फार इच्छा झाली. म्हणून मी साहेबांनी दिलेला तपासणीचा दाखला काढला आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवायला त्याच दिव्याखाली उभा राहिलो. अर्थिंग: उत्तम. शेजाऱ्याची संमती: आहे. स्विचची उंची: गृहिणीच्या हाताला येईल अशी. शेवटचा रकाना होता, स्विचपासून दूर ठेवावीत अशी लहान मुलं घरात किती, आणि तिथं मी थांबलो. आमची एकच लेक, तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली, ती सासरी नांदते आहे. घरात आम्ही दोघंच.

"थांबलात का? काय लिवलंय तिथं?" अयोध्येनं विचारलं.

साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: एक.