नुसत्या चहावरील स्वारी

उदरप्रांतीचे वर्तमान ऐसे की, राजश्री हिंदुराव, बायोकेमिस्ट्रीचे एमएस्सी, मुक्काम पुणे, यांचे पोट हद्द सोडून पुढे सरकले आणि रक्ताची तपासणी होऊन डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की, इन्सुलिन किल्ल्या घेऊन पेशींच्या दारोदार हिंडते, परंतु आतले पहारेकरी कवाडे उघडीत नाहीत. सबब पोळी, भात व साखर बंद, जेवण दोनच वेळ, मधल्या काळी पोटास पूर्ण विसावा. दिवाळीपर्यंत फरक न पडल्यास गोळी सुरू. ऐन पंचविशीत गोळीची ताबेदारी म्हणजे बेअब्रू, ऐसे रावांचे चित्तास वाटले आणि त्यांनी कूच केले.

मग पोळी हद्दपार झाली, भाताची नाकेबंदी झाली आणि अंडी, पनीर तैनातीस आले. उपवास व इन्सुलिन यांवर रावांची व्याख्याने प्रयोगशाळेत रोज झडत आणि ऐकणारांस भूक लागे. जेवणे दोनच, त्यात कसूर नाही. तरी वजन तसूभर हटेना. मग रावांनी वजनकाट्यावर शंका घेतली आणि डॉक्टरांवरही घेतली. फक्त स्वतःवर घेतली नाही.

तेव्हा शेजारच्या टेबलावरील मातब्बर सहकारी जरीना यांनी भर दरबारी जाब पुसला की, सकाळपासून हा कितवा कप? रावांनी अर्ज केला की, हे जेवण नव्हे, हा नुसता चहा. सोबत खारी, तरी नुसताच.

"अरे हिंदुराव, तुझ्या स्वादुपिंडाला मराठी येत नाही," जरीना म्हणाल्या. "नुसता म्हणजे काय, त्याला कसं कळणार?"

ज्या शास्त्राची पदवी, त्याच शास्त्राने रावांस दिवसाढवळ्या कैद केले. मग रावांनी हुकूम काढला की, साखरेचा चहा हेही जेवणच मानावे.

पुढे विश्रांतवाडीस आत्याबाई सोजरबाई यांचेशी त्यांचे घरी गाठ पडली. चहा पुढे आला आणि रावांनी हात जोडले.

"का रं? आमच्या घरचा चा बी चालंना व्हय?"

प्रसंग बाका. मागे गोळी, पुढे आत्या. राव छाती करून बोलले की, "आत्या, चहा म्हणजे जेवणच असतंय."

"आस्सं? मंग जेवूनच जा!"

मग कोंबडीचा रस्सा आला, मेथी आली आणि भाकरीस बगल देऊन राव नेटाने लढले. ते दिवसाचे दुसरे जेवण ठरले आणि उजाडेपर्यंत तोंडास कुलूप पडले. हीच रीत पुढे चालली आणि दिवाळीपूर्वी तपासणी होऊन डॉक्टरसाहेबांनी गोळी मुलतवी केली.

सबब नोंद होते की, महत्प्रयासे फत्ते झाली आणि आत्याबाईंशी तह ठरला की, रावांनी चहा पिऊ नये, मात्र आत्याबाईंचे घरी आल्यागेल्यास तो रावांनीच करून द्यावा. साखर बरोबर पडली की नाही, हे चाखून पाहण्याचा हक्क रावांनी खुशीने सोडला. 'खुशीने' हा शब्द रावांच्या आग्रहास्तव घातला असे.