हॉटस्पॉटला कुलूप नाही

मृणाली सुरवाडेची मुलाखत फार उत्तम झाली. कंपनीच्या मॅडम इतक्या खूश झाल्या, की त्यांनी जागच्या जागी नोकरी देऊन टाकली. शेजारच्या सीटवरच्या बाईंना.

हे वाक्य कुणी वाचलं असेल तर सोडून द्यावं. असं काही अजून झालेलं नाही. आत्ता मे महिन्यातल्या एका सोमवारचे सकाळचे सव्वादहा वाजलेत, धुळ्याचा बसस्टँड तव्यासारखा तापलाय, आणि मृणाली खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून चुलतभावाशी भांडते आहे.

"साडेअकराला मुलाखत आणि साडेदहाच्या बसनं निघालीस?" हेमराजदादा म्हणाला. "घरी चल. वायफाय आहे, पंखा आहे, तुझी वहिनी चहा करेल."

"मी चालत्या बसमध्ये मुलाखत देणार!"

"कशावर?"

"नानांच्या हॉटस्पॉटवर!"

हेमराजदादानं नऊ वर्षांपूर्वी मृणालीला सायकल शिकवताना मागून कॅरिअर धरलं होतं. ते त्यानं अजून सोडलेलं नव्हतं. दर लग्नात, दर बारशात तो सांगायचा, 'हिला तोल मी दिला.' आता त्याच्या वायफायवर नोकरी लागली असती, तर तिच्या निवृत्तीच्या समारंभातही भाषण त्यानंच केलं असतं. त्यापेक्षा बस बरी!

तिचा स्वतःचा फोन परवा लग्नघरी वरणाच्या पातेल्यात पडला होता. बाहेर काढल्यावर तो एकदा थरथरला आणि गेला. वहिनीनं त्याला दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. वरण झालं, भात झाला, फोन काही झाला नाही.

पण सोबत नाना होते ना! मृणालीचे आजोबा देवचंद सुरवाडे, दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त. त्यांना रोज दोन जीबी मिळायचं. त्यातलं थोडंसं सुप्रभातची फुलं पाठवण्यात जायचं आणि बाकीचं वाया जायचं, याचं त्यांना फार वाईट वाटे. ताटात टाकलेल्या भाकरीकडे बघावं तसे ते उरलेल्या डेटाकडे बघत.

बस सुटली. मृणालीनं लॅपटॉप मांडीवर घेतला, नानांच्या फोनचं हॉटस्पॉट जोडलं, आणि पुण्याची कंपनी समोर बसल्यासारखी मान ताठ केली. कंपनी मिक्सर विकायची. मृणालीला घरी बसून चिडलेल्या मराठी ग्राहकांशी फोनवर गोड बोलायचं होतं. त्यासाठी तिनं चौदा गोड वाक्यं पाठ केली होती. पहिलं होतं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.'

तेवढ्यात पुढच्या सीटवरचे अमीनभाई वळले. त्यांचा जळगावात कूलरचा धंदा. मे महिन्यात त्यांना श्वास घ्यायला सवड नसते, आणि त्यांच्या फोनला तर रेंजच नव्हती.

"नाना, ये देवचंद सुरवाडे आप हो क्या? नेट खुला दिख रहा है!"

"मीच. घ्या ना!" नाना म्हणाले.

"एक पंपचा फोटो भेजना था बस."

"एक काय, दहा पाठवा!" आणि नाना उठून उभे राहिले. एका हातानं दांडा धरून त्यांनी बसला उद्देशून जाहीर केलं, "कोनाले नेट पाह्यजे असंल तं घ्या रे भाऊ! देवचंद सुरवाडे नाव दिसंल. पासवर्ड नाही!"

"नाना!" मृणालीनं त्यांचा सदरा ओढला. "पासवर्ड टाका! माझी मुलाखत आहे!"

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं घरातली तसबीर उलटी टांगली.

"पान्याले कुलूप लावू?"

"हे पाणी नाही, नेट आहे!"

"ज्याच्यावाचून मानसाचं अडते ते पानीच. तेहतीस वर्सं अख्ख्या राज्याले वीज देली. कोनाले पासवर्ड इचारला?"

सुरवाड्यांच्या घरात पाण्याला कुलूप या विषयावर वाद होत नसे. त्याला इतिहास होता; आधीच्या पिढ्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. शिवाय सहावीत असताना 'पाणी सर्वांचे' या विषयावर तिनंच टेबलावर मूठ आपटून भाषण केलं होतं आणि पहिला नंबर आणला होता. भाषण नानांनी लिहून दिलं होतं.

बसमध्ये दिवाळी झाली. कुणी भाच्याचं लग्न बघू लागलं, कुणी कापसाच्या बियाण्याची माहिती काढू लागलं. कंडक्टर छगन तिकिटं फाडायचं थांबवून क्रिकेट बघू लागला. नानांचा फोन इतका तापला, की अमीनभाईंनी धंद्याला जागून त्याला ओला रुमाल गुंडाळला आणि खिडकीच्या वाऱ्याला धरला. जगातला पहिला कूलर लावलेला फोन पारोळ्याच्या दिशेनं निघाला!

पारोळा स्टँडवर सुगंधाबाई चढल्या. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, हातात वांग्यांची रिकामी टोपली. त्यांना नातवाला व्हिडिओवर बघायचं होतं. त्यांनाही नाना म्हणाले, "घ्या ना अक्का!"

पारोळा सोडलं आणि रेंज गेली, तिच्याबरोबर हॉटस्पॉटही. दोन मिनिटांनी परत आली. सगळे पुन्हा नेटवर झेपावले. सगळे जोडले गेले. मृणालीचा लॅपटॉप मात्र नुसता गोल गोल फिरत राहिला.

"नाना, जोडत नाहीये!"

अमीनभाईंनी रुमाल बाजूला करून पाहिलं. "बेटी, दस लोग फुल. फोन इससे ज्यादा नहीं लेता."

"पण हॉटस्पॉट आमचं आहे!"

छगन कंडक्टरला भांडण मिटवायचा अनुभव होता. त्यानं ताबडतोब जुन्या तिकिटांच्या मागे नंबर लिहून वाटले. त्याचा स्वतःचा चौथा.

"ताई, तुमचा अकरावा."

"नाना, सांगा ना त्यांना! मी तुमची नात आहे!"

"म्हनून तं सांगत नाही," नाना शांतपणे म्हणाले. "घरचं मानूस म्हनून पुढं घुसवलं, तं मंग आपल्यात अन् पान्याले कुलूप लावनाऱ्याह्यच्यात फरक काय? रांगेत ऱ्हाय."

अकरा एकोणतीस! मृणालीनं दहाव्या नंबरकडे वळून हात जोडले.

"मावशी, फक्त दहा मिनिटं द्या. नोकरीचा प्रश्न आहे."

सुगंधाबाईंनी नातवाला पडद्यावरूनच पापा दिला. "ले माय. पन मी आठेच बसस. मन्हा नंबर गया नही पाहिजे." आणि त्या मृणालीला खेटून बसल्या. कॅमेऱ्यात अर्धी मृणाली आणि दीड सुगंधाबाई मावल्या.

मॅडम पडद्यावर आल्या. चष्मा, दमलेला चेहरा.

"तुम्ही बसमध्ये आहात?"

"हो मॅडम! परिस्थिती कोणतीही असो, मी ग्राहकासाठी हजर असते!"

हे वाक्य चौदांमधलं नव्हतं, तिला जागेवर सुचलं. मॅडम चक्क हसल्या! मृणालीला वाटलं, हेमराजदादा, जिंकले मी!

"छान. आता एक छोटा प्रसंग करू. मी चिडलेली ग्राहक, तुम्ही मला शांत करायचं."

नेमक्या त्याच वेळी सुगंधाबाई छगनला, 'मन्हा नंबर लिखी ठेव रे,' म्हणून बजावत होत्या. प्रसंग करण्याचं त्यांनी ऐकलं नाही. पुढचं ऐकलं.

"कंपनी आहे का चेष्टा?" मॅडम एकदम किंचाळल्या. "तुमच्या मिक्सरनं माझी सगळी चटणी छताला लावली!"

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो..."

"काय समजता? येता का छत पुसायला?"

चौदा वाक्यांत छत नव्हतं.

"ओ बाई!" सुगंधाबाई पडद्यावर वाकल्या. "पोरवर कसाले बोंबली ऱ्हायनी? झाकन लायेल व्हतं का?"

"मावशी, थांबा, हे खोटं..."

"तू गप बस. खोटंच बोली ऱ्हायनी ती, माले बी समजस. सांग व बाई, झाकन लायेल व्हतं का?"

मॅडम जरा गडबडल्या. पण कसलेल्या होत्या, प्रसंग सोडला नाही. "ते... घाईत राहिलं. पण कंपनीनं तसं लिहायला हवं ना!"

"लिखेल ऱ्हातं तं तू वाचती का?"

"...नाही."

"घरमा आखो कोन शे?"

"कोणी नाही. एकटीच असते." हे मात्र प्रसंगात नव्हतं.

"सकायपासून काय खादं?"

"दोन बिस्किटं."

"देख!" सुगंधाबाईंनी बसकडे वळून पाहिलं. सगळी बस माना डोलावत होती. "पोटमा काही नही, म्हनीसन चिडी ऱ्हायनी. पहिले दोन घास खाय माय. छत कोठे पयी जात नही. मंग पुसजो."

छगननं क्रिकेट बंद केलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"मावशी, तुम्ही काय करता?"

"पारोळाना बाजारमा बावीस वरीसपासून वांगा इकस. भरीतना दिवसमा एक वांगासाठे तीन बाया भांडतीस. तिन्ही हासत घर जातीस."

"बावीस वर्षांचा अनुभव," मॅडम पुटपुटल्या आणि काहीतरी लिहू लागल्या.

"मॅडम, मुलाखत माझी आहे," मृणालीनं आठवण करून दिली.

"हो हो, तुम्हीही छान आहात. लॅपटॉप जरा मावशींकडे फिरवता का?"

पुढची पाच मिनिटं मृणालीनं लॅपटॉप धरला. अमीनभाईंनी पगार ठरवला, मागच्या सीटवरून कुणीतरी रविवारची सुट्टी मागितली आणि मिळवली. एरंडोलच्या अलीकडे, अकरा बावन्नला, सुगंधाबाई कामाला लागल्या! बसनं टाळ्या वाजवल्या.

"नाना, माझी नोकरी गेली!"

"तुही नोकरी कुठं होती? तू तं रांगेत होती."

"पासवर्ड टाकला असता तर..."

ती थांबली. अख्खी बस तिच्याकडे बघत होती. नानाही. त्यांनी रुमालातून फोन काढला आणि तिच्या हातात ठेवला. "टाक. तुले टाकायचा असंल तं टाक."

मृणालीनं फोनकडे पाहिलं. दहा माणसं जोडलेली. मग तिनं तो परत अमीनभाईंना दिला. "रुमाल सुकलाय, भिजवा," ती म्हणाली. पासवर्ड टाकून नोकरी मिळवण्यापेक्षा तिनं तो न टाकता ती गमावली, आणि वर मान ताठ ठेवली!

नानांचा फोन वाजला आणि अमीनभाईंनी तो तिच्या हातात दिला. हेमराजदादा. "काय गं, लागली का नोकरी?"

"लागली! हॉटस्पॉटवरच लागली!"

"कुणाला?"

"रेंज जातेय!" मृणाली म्हणाली आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

मग तिनं छगनकडून रीतसर नवा नंबर घेतला. सातवा. जळगाव यायच्या आत तिची पाळी आली आणि तिनं कंपनीला पुढील अर्ज धाडला.

प्रति, मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग.
विषय : श्रीमती सुगंधाबाई यांच्या नेमणुकीबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, श्रीमती सुगंधाबाई या सदर पदास सर्वतोपरी लायक असून त्यांच्या निवडीस माझी कोणतीही हरकत नाही. तथापि त्यांच्याकडे लॅपटॉप नाही, तो माझ्याकडे आहे. त्यांना पुरेसा डेटा नाही, तो माझ्या आजोबांकडे आहे. फोन थंड ठेवण्याचे तंत्रज्ञान श्री. अमीन यांच्याकडे आहे व रांग लावण्याचा अधिकार श्री. छगन यांच्याकडे आहे. यांपैकी एकही व्यक्ती वगळल्यास ग्राहक सेवा चालू राहणार नाही. सबब, सदर पदावर वरील पाच जणांची एक कर्मचारी म्हणून संयुक्त नेमणूक करावी, धुळे-जळगाव साडेदहाची बस हे आपले खानदेश विभागीय कार्यालय म्हणून घोषित करावे, आणि कार्यालयास रेंज नसेल तेवढा वेळ अधिकृत जेवणाची सुट्टी धरावी, ही नम्र विनंती.