पितळी नळाचे दोन हजार फोटो

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद जोपासावा असं सगळेच सांगतात. त्याचा खर्च कोण करणार, हे मात्र कुणी सांगत नाही. मी डिजिटल फोटोग्राफी शिकायचं ठरवलं ते एका अटीवर : होता होईतो फुकटात. (निर्णय माझा, अट बायकोची.)

कॅमेरा औषधाच्या दुकानदाराकडे मिळाला. त्याने नवा घेतला होता, म्हणून जुना त्याने मला कार्डासकट जवळपास खोकल्याच्या औषधाच्या भावात दिला. सोबतची माहितीपुस्तिका मी लाल पेन्सिल घेऊन वाचली. (दुकानदाराने ती उघडलीही नसावी; पानं एकमेकांना चिकटलेली होती.) वाचनालयात एक पुस्तक सापडलं. त्यातली चांगली चित्रं आधीच्या वाचकाने कापून नेली होती, त्यामुळे मजकुरावर लक्ष देता आलं. मोबाइलवर फुकट धडे देणारा एक दाढीवाला भेटला. फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल खिडकीसमोर धरला की चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूलाही उजेड पडतो, हे शेजारच्या स्टुडिओवाल्यांनी शिकवलं. ते म्हणाले, "रोज काढा आणि वाईट ते रोज पुसून टाका."

यातला अर्धा सल्ला मी मानला.

उरलेला अर्धा मानणं मला शक्य नव्हतं. माझी छत्तीस वर्षं जुने कागद सांभाळणाऱ्या शाखेत गेली. लेखी आदेशाशिवाय मी तिथे टाचणीसुद्धा फेकलेली नाही. फोटो हलला म्हणून पुसायचा, तर आमची निम्मी शाखा मला पुसावी लागली असती.

दाढीवाल्याने बजावलं होतं, की सुरुवातीला न हलणारी वस्तू निवडा. बायको बाद झाली. उरला स्वयंपाकघरातला पितळी नळ. सकाळच्या उजेडातला नळ, दुपारचा नळ, टेबललॅम्पखालचा नळ, असे तीन महिने गेले. प्रत्येक फोटोची नोंद वहीत.

"इतक्यांदा माझ्याकडे कधी बघितलंत का?" बायकोने विचारलं.

"तू हलतेस," मी म्हणालो. त्या दिवशी जेवण जरा उशिराच मिळालं.

अशात बायकोच्या माहेरी एक योग जुळून आला. सासूबाईंची चारही मुलं अकरा वर्षांत प्रथमच एका छताखाली येणार होती. शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंकडे चौघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. धाकटा मेहुणा बोटीवर इंजिनियर. तो एक रात्र राहून दहा महिन्यांसाठी निघणार होता. बायकोने फोनवर सांगून टाकलं, "स्टुडिओवाला नको. हे काढतील फोटो."

चौतीस वर्षांत माझ्या सासरी 'हे करतील' असं वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं. आजवर 'ह्यांना नका सांगू' एवढंच चालत आलं होतं.

ठरल्या सकाळी सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या. मागे थोरले दादा, वकील असलेली ताई, माझी बायको आणि धाकटा. थर्माकोल धरायला मी धाकट्याला न्यायला आलेल्या टॅक्सीवाल्यालाच आत बोलावलं. सगळे हसले. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : कार्ड भरलं आहे.

"झाला?" दादांनी ओठ न हलवता विचारलं.

"तांत्रिक बाब आहे. एखादा जुना फोटो पुसावा लागेल."

"मग पुसा," बायको म्हणाली.

मी पहिला फोटो उघडला. नळ, हललेला. पण तो माझा पहिला फोटो होता. दुसरा पुसावा, तर थर्माकोलचा प्रयोग त्याच्यापासूनच सुरू झालेला. तोवर रांग मोडून सगळे माझ्या खांद्यावरून वाकले होते.

"भाऊजी, ह्याचा वॉशर गेलाय," धाकटा म्हणाला.

"हा आणि हा एकच आहेत," दादा म्हणाले.

"एक नाही. हा सव्वानऊचा आहे."

ताई म्हणाली, "इतका पुरावा तर खुनाच्या खटल्यातही नसतो."

"साहेब, बोट चुकेल हं," थर्माकोलमागून टॅक्सीवाला म्हणाला.

"जावईबापू," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "नळ निवडून झाला की सांगा. मी आहे इथेच. तुम्ही लवकर आटपलंत तर असेनही."

बायको नुसती धाकट्याच्या बॅगेकडे बघत होती. मग मात्र मला राहवेना. "तुझी मंजुरी आहे ना?" मी विचारलं. "आहे," ती म्हणाली. तोंडी मंजुरीवर मी आयुष्यात पहिल्यांदाच कारवाई केली. घाईत चष्मा कपाळावरच राहिला आणि 'हा पुसा' ऐवजी माझं बोट 'सर्व पुसा' वर पडलं.

दोन हजार एकशे अठरा नळ चार सेकंदांत गेले. (आमच्या शाखेत दोन फायली उंदरांनी खाल्ल्या, तेव्हा चौकशी नऊ महिने चालली होती.) सगळे जागेवर परतले होते. मी कॅमेरा छातीशी धरून नुसता उभा होतो. समोर सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, मग तो खाली आला आणि त्या खदखदून हसल्या. पाठोपाठ चारही मुलं. दादांनी आईच्या खांद्याचा आधार घेतला. धाकटा तर बायकोच्या गळ्यातच पडला. पुस्तक, पुस्तिका, दाढीवाला, यांतलं मला एक अक्षर आठवलं नाही. बोट मात्र बटणावर होतं.

फोटो अप्रतिम आला आहे. हे मी म्हणत नाही, स्टुडिओवाले म्हणतात. त्यांनी विचारलं, "एवढं मोकळं कसं हसवलंत हो?" मी म्हटलं, "अभ्यास."

सासूबाईंनी तो समोरच्या भिंतीवर लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो कौतुकाने दाखवतात, आणि मी ऐकतोय हे ठाऊक असूनही शेवटी सांगतात, "हे काहीच नाही. खरं बघण्यासारखं तोंड आमच्या जावयाचं झालं होतं. पण त्यांचा फोटो काढायला त्या वेळी कुणी शहाणा माणूस घरात नव्हता."