बाभूळ होती तिथून डावीकडे

सांगलीच्या विश्रामबागेतल्या दिशाशोधन केंद्राची चारचाकी स्वयंचलित गाडी बुधवारी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी म्हसवडजवळच्या माळावर अंबूबाईंच्या दारात रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन सुखरूप पोहोचली. ही घटना घडलेली नाही, याची नोंद घ्यावी.

न घडलेल्या घटनेचा तपशील असा. अंबूबाईंची वस्ती म्हसवडच्या स्टँडपासून तीन किलोमीटरवर. मुलगा यशराज मुंबईला, दुखरे गुडघे इथे. स्टँडजवळचा दवाखाना एका वेळी आठच दिवसांच्या गोळ्या देतो. का, तर 'वरून आदेश'. त्यामुळे दर बुधवारी सहा किलोमीटर चाल ठरलेली. गोळ्यांनी रक्तदाब उतरे आणि गोळ्या आणताना चढे, म्हणजे हिशेब बरोबर राही.

यावर केंद्रातल्या संशोधक अबोलीने मेंदूसारखी चालणारी चिप बनवली. मेंदूत म्हणे ओळखीच्या प्रत्येक जागेसाठी काही पेशी राखीव असतात. माणूस त्या जागी आला की त्या चमकतात. एसटीतल्या राखीव जागांपेक्षा हा कारभार पुष्कळच चोख. अबोलीने अंबूबाईंना तारांची टोपी घालून स्टँड ते घर दहा वेळा चालवलं (हे सगळं तुमच्या गुडघ्यांसाठीच आहे, असं वाटभर समजावत) आणि त्या चमका चिपमध्ये उतरवून चिप गाडीत बसवली. सगळ्यात मोठी चमक ओढ्याच्या अलीकडे उठली. तिथे काहीही नव्हतं.

"आजी, इथं काय आहे?"

"बाभूळ."

"कुठाय?"

"पडली की. आमचा यशराज पोटात व्हता तवा."

"मग वळायचं कशावरून?"

"बाभळीवरनं! ती पडली म्हून रस्ता बी पडला व्हय, पोरी?"

गाडीही तिथेच वळली आणि पोहोचली. अंबूबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं. चहा कुठून ओतायचा ते कळेना म्हणून तो अबोलीला दिला.

परीक्षण समितीचे अध्यक्ष गंगाधर लेले यांनी गाडीची नोंदवही तपासली आणि चष्मा काढला.

"यात लिहिलंय, 'बाभळीपाशी डावीकडे'. बाभूळ दाखवा."

"सर, ती तीस वर्षांपूर्वी पडली."

"म्हणजे तुमचं यंत्र नसलेली झाडं बघतं."

"पण सर, पोहोचलं ना."

"नसलेल्या झाडापाशी वळून पोहोचणं याला आम्ही पोहोचणं म्हणू शकत नाही. उद्या ते नसलेल्या पुलावरून जाईल."

सबब, पोहोचणं रद्द झालं. मान्यता हवी असेल तर खूण जागेवर पाहिजे, असा शेरा आला. आणि मान्यता नसेल तर गाडी परत विश्रामबागेत, अंबूबाई परत रस्त्यावर. नवी बाभूळ लावायला तीन खात्यांची परवानगी लागत होती. त्यातल्या एका खात्याच्या दप्तरी जुनी बाभूळ अजून उभीच असल्याने, तिच्याच जागी दुसरी कशी लावणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी 'येथे बाभूळ होती' अशी पाटी लावण्यावर एकमत झालं. मूळ जागेखालून पाइपलाइन जायची असल्याने (पाणी यथावकाश) पाटी साठ पावलं पुढे रोवण्यात आली. गाडीला पाटीपाशी वळायला शिकवण्यात आलं.

पुढच्या बुधवारी गाडी पाटीपाशी अचूक वळली आणि निवृत्त हवालदार लालासाहेबांच्या गोठ्यात शिरली.

"सायेब," लालासाहेबांनी समितीला कडक सॅल्यूट ठोकला, "गोळ्या आल्या. पर म्हशीला बीपी न्हाई."

"गाडी विहित खुणेपाशी वळली का?" लेल्यांनी विचारलं.

"व्हय सायेब."

"मग प्रयोग यशस्वी. चुकलंय ते अंबूबाईंचं घर."

तसा दाखलाही निघाला. सांगलीत सत्कार झाला, अबोलीला शाल मिळाली. शाल घेऊन ती थेट माळावर आली आणि ओट्यावर बसली.

"तोंड का पाडलंस?" अंबूबाई म्हणाल्या. "मी जाती की गोठ्यापत्तुर."

"आक्का, तुमी बसा," तिथेच टेकलेले लालासाहेब म्हणाले. "माझ्या म्हशीनं गोळ्या खाल्ल्या तर दूध कमी दाबानं येईल."

तेव्हापासून दर बुधवारी अकराला लालासाहेब पाटी उपटतात, ओढ्याअलीकडे जातात आणि ती छातीशी धरून सावधान उभे राहतात. गाडी येते, त्यांच्यापाशी डावीकडे वळते आणि अंबूबाईंच्या दारात थांबते. मग पाटी परत जागेवर. एकदा लालासाहेबांना दाढीमुळे उशीर झाला, तर अंबूबाई दारातून ओरडल्या, "आवं, आज बाभूळ कुठं ऱ्हायली?"

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे चौकशी होणारच. गाडी मंजूर अंतरापेक्षा साठ पावलं कमी चालते, हे समितीच्या लक्षात आलं. 'मंजूर चूक न करता योग्य ठिकाणी पोहोचणे' या सदराखाली अबोलीला नोटीस निघाली. तिने खुलाशात एकच ओळ लिहिली: आपली नोटीस मिळाली, तिच्यावर आपला पत्ता 'जुन्या टॉकीजसमोर' असा आहे, आणि ती टॉकीज पाडून बारा वर्षं झाली.

समिती हादरली. कार्यालय नेमकं कशासमोर आहे हे पाहायला तीन सदस्य बाहेर गेले. नसलेल्या टॉकीजपाशी सवयीने वळून जेवायच्या सुट्टीत ते परतले, आणि हा रोग म्हसवडपुरता नाही, असा अहवाल त्यांनी दिला. त्यावरून निघालेलं परिपत्रक सर्वांना लागू आहे. आपण हे जिथे बसून वाचत आहात, तिथला पत्ता पाहुण्यांना कसा सांगता, ते क्षणभर आठवून पाहावं. नंतर खाली सही करावी.

"तरी सर्व नागरिकांना विनंती की, आपल्या डोक्यात उभी असलेली परंतु जागेवर नसलेली झाडे, विहिरी, टॉकीज, पिठाच्या गिरण्या व दिवंगत डॉक्टरांचे दवाखाने यांची यादी दोन प्रतींत सादर करून ती सर्व पंधरा दिवसांत स्वखर्चाने हटवावीत, आणि त्यानंतर आपापल्या घरी पोहोचू नये."